सर्वानुमते मंजूर

११ जानेवारी १९८३

गाईड नलिनी मॅडमनी प्रबंधाचं प्रकरण परत केलं! 'मूक संमती ही कल्पना आली कुठून, ते आधी शोध.' गप्प बसला म्हणजे राज्य मान्य — हे पहिल्यांदा म्हणालं कोण? तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी ग्रंथापर्यंत मी पोचले होते. मॅडम म्हणतात, अजून मागे जा. मार्चमध्ये प्रबंध द्यायचाय. वैताग नुसता!

२२ जानेवारी

उद्या चाळीची सभा. शेजारचे धोंडिरामकाका संप मोडून गिरणीत गेले, म्हणून त्यांच्या घरावर बहिष्कार. नळावरची पाळी बंद, बोलणं बंद. आणि ठराव मांडणार कोण — आमचे बाबा! वर्षभर संपावर, चाळीत त्यांचा शब्द चालतो.

सभेची वही मी लिहिते, अक्षर बरं म्हणून. बाबा म्हणाले, 'आजच लिवन ठेव. सर्वानुमते मंजूर.' दरवेळी आदल्या दिवशीच लिहिते म्हणा. आज पेन उचलेना. म्हटलं, 'कोणी विरोध केला तर?'

'कोण करतलो? तू?'

लिहिलं.

२३ जानेवारी

'कोणाचा विरोध?' चाळीस माणसं, सगळी खाली बघत. धोंडिरामकाकांच्या जानकीकाकू दाराआड उभ्या होत्या. दहावीला असताना आमच्या घरात जागा नव्हती, तर याच काकूंनी मला त्यांच्या खोलीत अभ्यासाला बसवलं होतं. आणि मी? वही धरून बसले. माझी मलाच लाज वाटते.

२५ जानेवारी

जानकीकाकू दोन कळशा घेऊन टेकडीखाली पाण्याला गेल्या. जिन्यात समोरासमोर आलो. मी तोंड उघडणार, तर म्हणाल्या, 'नको गं, लोक बघतायत. तुझ्या बाबांना त्रास होईल.' शी! त्याच मला सांभाळून घेतायत!

२८ जानेवारी

सापडलं! चर्चच्या जुन्या कायद्यात. गप्प राहणाऱ्याची संमती धरावी — आणि टिपेत त्याला जोडलेली अट : त्याने बोलायला हवं होतं आणि त्याला बोलता येत होतं, तरच. मी वाचलेल्या बाकीच्या पुस्तकांत ही अट कुठेच नाही! मॅडम म्हणाल्या, 'झकास! पदवी मिळालीच समज.' आनंद कसला — बसस्टॉपवर रडूच आलं. मला बोलता येत होतं ना!

उद्या बाबांना सांगणार. ठराव मागे घ्या, नाहीतर पुढच्या सभेत मी उभी राहीन. तुमच्याविरुद्ध, सगळ्यांसमोर.

२९ जानेवारी

सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बाबा चिडलेच नाहीत. चहा तसाच ठेवून उठून गेले. आई म्हणाली, 'तेंका आता काय एक इचारू नको.'

३१ जानेवारी

बाबा सकाळी डबा घेऊन कामावर गेले. गिरणीत! दुपारी चाळीतल्या लोकांनी नळावरून आमची कळशी काढून टाकली. आईने आत्ता सांगितलं — कामावर घ्या म्हणून अर्ज त्यांनी सभेच्या आधीच दिला होता.