ताटात उरलेले चार घास

आत्या,

पित्त झालंय असं मी तुला फोनवर म्हणाले, ते खोटं होतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायचं इंजेक्शन दिलंय. दर आठवड्याला पोटात टोचून घेते.

आज ऑफिसच्या बेसिनमध्ये पुन्हा उलटी झाली. काल रात्रीचा भात, सकाळी अकरा वाजता, जसाच्या तसा. ढेकर आला की सडक्या अंड्याची चव येते. माझीच मला किळस येते. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "काय गं, गोड बातमी का?" मी हसले आणि बेसिन दोनदा घासलं.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "पोट भरलं की थांबतेस ना?"

"ताट संपलं की थांबते."

त्या म्हणाल्या, "अगं, या औषधानं अन्न पोटात रेंगाळतं. थोडं थोडं खा, तेलकट नको, पाणी घोटघोट पी. भरलं की ऊठ. नाहीतर डॉक्टर इंजेक्शन बंद करतील."

साखर आत्ता कुठे उतरायला लागलीय, आत्या. मला ते बंद व्हायला नकोय. पण आई गेल्यावर मी तुझ्या हाताखाली वाढले. ताट लख्ख केल्याशिवाय तू उठू दिलं नाहीस.

आज रात्री चार घास ठेवून उठले. ते कचऱ्यात टाकताना उलटीपेक्षा जास्त किळस आली. तरी टाकले.

रविवारी तू येशील, आग्रहानं वाढशील. तेव्हा मी ताटावर हात आडवा धरणार आहे. हे पत्र तुला द्यायचं धाडस नाही, पण हात मात्र मी काढणार नाही.

तुझी,
धाकटी