घराकडं या की

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

आज कॉलेजात लागलो. सातवी नापास माणूस सदुसष्टाव्या वर्षी कॉलेजात, म्हंजे बायकूला, बाळाबाईला हसाय कारण मिळालं. आमची ही दारात उभी राहून म्हणती, डबा दिऊ का दप्तर? म्हटलं, दोन्ही दे.

काम असं. कॉलेजचं आता विद्यापीठ झालंय. तितनं शिकून गेलेल्यांस्नी फोन करायचा, बरं हाय का इचारायचं, जानेवारीतल्या मेळाव्याला बोलवायचं आणि नवीन वसतिगृहाला देणगी मागायची. आधी दोन पोरी हुत्या, गोड बोलायच्या. पण त्येंचा आवाज ऐकला की लोकं कर्जवाल्या समजून फोन कापायची. जिनेंद्रसाहेब ह्या कक्षाचे मुख्य. त्येंच्या वडलांच्या शिरोलीच्या फौंड्रीत मी चौतीस वर्षं साचे भरले. साहेब म्हणाले, आकाराममामा, तुमचा फोन कोण कापतंय बघू. म्हटलं, भट्टीफुडं वरडून घसा तयार झालाय, फुकट कशाला घालवायचा.

टेबल खिडकीपाशी. पंख्याचा आवाज न्हाय. च्या दोनदा. आनि काय पायजे?

बुधवार, ६ नोव्हेंबर

दोन दिवस शाहूपुरीत एका हाटेलच्या हॉलमधी प्रशिक्षण. पुण्यासनं आदिती मॅडम आल्यात. फळ्यावर पायऱ्या काडल्या. पैलं नाव घ्या, मग साल घ्या, मग एक जुनी आठवण काडा, मग ऐका, मग मागा. मागिटल्यावर गप बसा. ह्येला दोन दिवस लागले! आमची आजी भाजी इकताना हेच करायची, तिला कुणी सर्टिफिकेट दिलं न्हाय.

एका प्राध्यापकाला देणगीदार केला आनि मला त्येच्याकडं मागाय लावलं. त्यो खोटाखोटा न्हाय म्हणाला, मी खराखरा चिडलो. समदी हसली.

मॅडमनं दोन गोष्टी दम दिऊन सांगिटल्या. एक, घरच्यांचं लिवून आल्याबिगर यादीतलं नाव खोडायचं न्हाय. दोन, कुणाला आपल्या घरी बोलवायचं न्हाय, फकस्त कॉलेजात. मी हसलो. म्हटलं, मॅडम, कोल्हापुरात फोन ठिवताना या की घराकडं म्हणत न्हाईत असा माणूस दाखवा. त्या हसल्या न्हाईत.

आनि रोज वही लिवायची, काय शिकलो ते. म्हंजे सर्टिफिकेट. म्हणून हे लिवायलोय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज तेवीस फोन. एकानंबी कापला न्हाय. साहेब खूश.

ज्ञानू चौगले, १९७९ चा. पैल्या घंटीला उचलला. नाव सांगिटलं, साल सांगिटलं. बोलाय लई गोड. हॉस्टेलवर भाकरी चोरल्याली गोष्ट सांगिटली, मी पोट धरून हसलो. मागनं कसला म्हणून आवाज न्हाय. ना गाडी, ना टीव्ही, ना भांडं. साच्यात माती दाबून भरल्यावर गप हुती तसं. खेड्यात राहत असंल.

ठिवताना म्हटलं, या की घराकडं, शिवाजी पेठंत, तालमीच्या मागं, कुणालाबी आकाराम इचारा. म्हणाला, येतो की.

यादीत सालाची पानं हाईत. २०१३ चं पान आलं. आमची तेजस्वी त्या पानावर हाय. पान उलटलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बाळाबाई म्हणती, काल दुपारी तुमचं पावणं येऊन गेलं. सोप्यात, भाईरच्या खोलीत बसलं, ज्ञानू म्हणून नाव सांगिटलं. पानी दिलं, च्या दिला, तोंडाला लावला न्हाय. लाजरा माणूस. बराच येळ झाला, उठंनात. मग तिच्या ध्येनात आलं, पोचवायला पायजे. आमच्यात पावण्याला दारातनं बोळवत न्हाईत, कोपऱ्यापतोर जायचं. ती उठली तसं ते उठलं. तालमीच्या कोपऱ्यापतोर सोडून आली.

माजे हात गार पडलेत म्हणती. नोव्हेंबर हाय, म्हटलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

साहेबांस्नी आनंदानं सांगिटलं, ज्ञानू चौगले मेळाव्याला येणार. साहेबांनी कपाट उघडून पत्र काडलं. कॉलेजनं धाडल्यालं, माघारी आल्यालं. वर पोष्टमननं लिवल्यालं, मयत. तारीख दोन वर्षांमागची. घरच्यांचं लिवून आलं न्हाय म्हणून नाव खोडलं न्हाय. साहेब म्हणाले, मामा, त्येच्या भावानं फोन उचलला असंल, त्येलाच चेष्टा सुचली असंल.

भावाला हॉस्टेलची भाकरी कशी म्हाईत?

आनि घरी कोण आलतं?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काल झोप न्हाय. आज उगाच यादी चाळली. माघारी आल्याली पत्रं काडून ताडली. मी बोललोय त्येतली अकरा माणसं मयत हाईत. समद्यांनी नाव सांगिटलं, साल सांगिटलं. कुणाच्याच मागं आवाज नव्हता.

समद्यांस्नी म्हटलंय, या की घराकडं.

आता लिवूनच टाकतो, मॅडम वाचू देत न्हाईतर न्हाय. तेजस्वी आमची एकुलती. ह्याच कॉलेजात शिकली. वर्गातल्या अरिहंतबरबर लगीन करते म्हणाली. पोरगं जैनाचं, चांगलं हुतं, पण मला ते दिसलंच न्हाय, भावकी दिसली. म्हटलं, जा, पण परत ह्या घरात पाय ठिवू नको. बॅग घिऊन गेली. मी पाठ करून बसलो हुतो. तिची आई कोपऱ्यापतोर निगालती, मी वरडून थांबवली. २०२१ च्या मे म्हयन्यात पोरगी करोनात गेली. अरिहंतचा फोन आला, नाव ऐकलं आनि मी कापला. तिसऱ्या दिशी दुसऱ्याकडनं कळलं.

बाळाबाईनं त्येच्यावर मला एक शब्द इचारला न्हाय. साडेतीन वर्षं झाली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

या म्हणायचं बंद केलं. हापिसात फोन करतो, पायरीपरमानं बोलतो, ठिवतो. पण आधीचं बोलावणं गेलंय ते गेलंय.

बुधवारी बनाबाई म्हणून आलती, १९८४ ची. काल दोघं. बाळाबाई समद्यांस्नी पोचवती. नको म्हटलं तर म्हणती, पावण्याला दारात ताटकळत ठिवायचं व्हय? लोक काय म्हणतील? काल पोचवायला गेली ती दीड तासानं आली. पाय राखेनं भरलेलं. आमच्या बोळात राख कुटनं?

जेवली न्हाय.

सोमवार, १८ नोव्हेंबर

साहेबांकडं गेलो, म्हटलं अकरा नावं खोडा. म्हणाले, नेम नेम हाय, घरच्यांचं लिवून आना. मी म्हटलं, नेम घाला चुलीत. त्येंनी पानी दिलं, रजा घ्या म्हणाले. बरा माणूस हाय, त्येला काय कळणार.

घरी आलो तर ही न्हाय. शोधत गेलो. नदीकडच्या रस्त्याला, स्मशानाच्या अलीकडं, एकटीच उभी. म्हटलं, हितं काय करतीस? म्हणती, पावण्यांस्नी पोचवाय आलते, थोडं थोडं करत लांब आले. दर बारीला ते म्हणत्यात, आनि थोडं. हात धरला. बर्फ.

वाटंत तिनं इचारलं, आज वार कुटला? सांगिटलं. परत इचारलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. घरीच. म्हणून बगितलं.

दुपारी अडीचला तिघं सोप्यात. ऊन अंगणात लख्ख. तिघांची सावली न्हाय. नीट कपडे, नीट भांग. माज्याकडं बघून हसली. वळखीचं हसू. मी बोलवल्यालं की.

म्हटलं, जावा. हसतच ऱ्हायली. पोचवायला उटंपतोर उठत न्हाईत.

मी उठलो. बाळाबाईनं मला खाली बसवलं, सोता गेली. संध्याकाळी आली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

साडेतीन वर्षांनी पोरीवर बोलली.

म्हणती, ही मानसं चांगली हाईत. वाटंत समदं सांगत्यात. तेजस्वी त्येंच्यातच हाय. बरी हाय. तिला लई यायचं हाय. पर आण्णांनी सांगिटलंय पाय ठिवू नको. म्हणून येत न्हाय. मेल्यावरबी ऐकती हो तुमचं, असं म्हणाली. रडली न्हाय.

तुमी फोन करा म्हणती. तो शब्द माघारी घ्या.

मला हिशोब कळतोय. तेजस्वी आली तर हीच पोचवायला जाणार. आनि पोरीला पोचवाय गेली तर ही कोपऱ्यावरनं माघारी यायची न्हाय. नदीवरनंबी यायची न्हाय.

न्हाय म्हटलं. तर म्हणती, मग उद्या मीच जाते, मला वाट म्हाईत झाली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

फोन केला. हापिसातनं. दुपारी, समदी जेवाय गेल्यावर.

२०१३ चं पान. नंबर तिचाच, बंद झाल्याला. पैल्या घंटीला उचलला.

तिनं नाव सांगिटलं. साल सांगिटलं. मला वळखलं न्हाय. काका, कोण बोलताय म्हणाली. काका.

मला शिकीवल्यालं समदं आटवंना झालं. आठवण काडा म्हणत्यात, कुटली काडू? तालमीच्या कट्ट्यावर बसून कुल्फी खायची ती? बॅग? वसतिगृहाबद्दल कायतरी बरळलो. व्हय व्हय म्हणाली. मोठ्या मानसाशी बोलतात तसं, आदबीनं.

मग म्हटलं, घराकडं ये. म्हणाली, काका, कुटल्या घराकडं? म्हटलं शिवाजी पेठ, तालमीच्या मागं. मग बारीक आवाजात म्हणाली, त्या घरात मला परवानगी न्हाय, आमच्या आण्णांनी सांगिटलंय.

म्हटलं, आण्णाच बोलतोय. चुकलो. ये.

मग एवढंच इचारलं, आई हाय का घरात?

शनिवार, २३ नोव्हेंबर

मतमोजणीचा दिवस. पेठंत फटाके, गुलाल, हलगी. आमच्या घरात कायबी ऐकू येत न्हाय. कापूस कोंबल्यागत.

दोनला आली. उंबऱ्याभाईर थांबली. मी म्हटलं ये, तवा पाय टाकला.

तसाच डावीकडं भांग. त्याच बॅगंचा पट्टा खांद्यावर. बाळाबाईनं तिला मिठीत घेतलं. ओरडली न्हाय, रडली न्हाय, लहान पोराला धरतात तसं धरून नुसती हलत ऱ्हायली. हिचं ओठ निळं पडत गेलं. सोडवाय गेलो, सोडंना.

पोरीनं माज्याकडं बगितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुरणपोळी वाढली. ताटात तशीच.

शनिवार, चार वाजता

तेजस्वीनं बॅगंचा पट्टा सावरला. जायची येळ झाली म्हणती.

बाळाबाई डोक्यावर पदर घिऊन तयार. चेहरा असा खुललाय, लग्नात बी नव्हता. चल गं, पोचवते म्हणती.

हिला म्हटलं, पानी आन. ती आत गेली, मी भाईरनं कडी घातली.

आतनं दार वाजवती. नाव घिऊन हाका मारती, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. आकाराम, आकाराम. माजं न्हाय ऐकत तर पोरीचं तरी ऐका म्हणती.

शेजारच्या तालमीतल्या पोरांस्नी सांगून ठिवलंय, पाचला येऊन कडी काडा.

परत

तेजस्वी दारात उभी हाय, मी उभ्या उभ्या लिवतोय. बॅग खाली ठिवलीय. आण्णा, तुमी येताय? म्हणाली. इश्वास बसंना तिचा.

त्या दिशी पाठ करून बसलो हुतो. आज तोंड करून चाललोय.

बॅग मी घेतली. लई हलकी हाय. कायच न्हाय आत. त्या दिशीबी पोरगी अशीच रिकामी—

हात धरलाय तिनं. गार हाय. असू दे.

कोपऱ्यापतोर जातो. तितनं ती म्हणंल आनि थोडं, मग मी—