जोतीरामाची ओवी

१२ मार्च १९५१

माझ्या वहीतली ओवी चोरीला गेली, म्हणून लिहायला बसले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेकॉर्ड लागली होती — तबला, क्लॅरिनेट आणि कोण्या बाईचा लाडिक आवाज :

सरलं दळण, सुपात मूठ दाणा
वाट तुझी बघते, जोतीराम माझा राणा

ही धोंडुबाईची ओवी! ती माझ्याकडे दळायला येते. जोतीराम तिचा भाऊ. ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला तो गेला. ना पत्र, ना मेल्याची तार. चव्वेचाळीस साली मीच ओवी लिहून घेतली. एकशे बारा ओव्यांची वही, कायम कुलुपात. पण रेकॉर्डवाल्यांकडे पेटी वाजवणारा अंबादास दिवाळीत, मीच कुलूप काढून दाखवली तेव्हा, तासभर ती चाळत बसला होता. तोच!

१५ मार्च

शेजारची शहाजादी दळताना 'जोतीराम' म्हणते! त्या जागी जिने तिने आपल्या भावाचं नाव घालायचं, हीच तर रीत. परवापर्यंत 'करीम' म्हणायची. विचारलं, तर — "रेकार्डीत तसंच हाय की, बाई!"

करीम गाण्यातून गेला. गल्लीतल्या सगळ्यांचेच भाऊ गेले.

१८ मार्च

वहीत दोरा ठेवला. कुलूप उघडंच. अंबादासला चहाला बोलावलं आणि मुद्दाम अर्धा तास स्वयंपाकघरात थांबले. दोरा जागच्या जागी. पक्का बेरकी आहे, सापळा ओळखला!

१९ मार्च

धोंडुबाईला म्हटलं, तुझी ओवी चोरली, पोलिसात जाऊ. जातं थांबवून हसली.

"म्याच गाऊन दावली त्या पेटीवाल्यास्नी. तुमच्या वहीत सात वर्सं कुलपात हाय माझा जोतीराम. रेकार्डीत असला तर कुठल्या तरी हाटेलात त्याच्या कानावर पडंल की! म्हनंल, आक्का अजून वाट बघती."

बी. ए. होऊन तीस वर्षं झाली, आणि ही मला शिकवते!

"तुमचं भाऊ तर इंदूरला हाईत. पत्ता ठाव हाय. साधं कारड तरी घालता का?"

आगाऊ बाई! नृसिंहाशी वीस वर्षं बोलणं नाही, ते हिला का सांगू?

२० मार्च

आज काही लिहायचं नाही.

२६ मार्च

अंबादासला रेकॉर्डसाठी दिली : ओव्यांची वही, एक. ओव्या एकशे तेरा. एकही नाव बदलणार नाही असं लिहून घेतलं, सही घेतली. तरी भरवसा नाही.

एकशे तेरावी माझी. तीत नाव — नृसिंह.