ग्रीकांची प्राणप्रतिष्ठा

अहो,

हे पत्र मी टपालात टाकणारच नाही, म्हणून खरं लिहिते. "मनालीचं ते ग्रीक खूळ बंद करा, तिला अकाउंटिंगला घाला," असं तुम्ही लिहिलंत. खूळ कसलं हो? ती ज्यांचा अभ्यास करते ते दीड हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक पंडित मूर्तीत औषधी पाला, खडे, सुगंधी द्रव्यं भरून देवाला बोलवायचे. नात विचारते, "आजी, वी डू दॅट टू, राइट?" म्हटलं, गणपतीच्या डोळ्यांना दूर्वांनी तूप लावतात, ती प्राणप्रतिष्ठा मग वेगळी काय? पोरगी लिहीतच सुटली! युनिव्हर्सिटीतली मुलगी चौथी शिकलेल्या बाईकडून शिकते, बोला आता!

तर इथे न्यूझीलंडला, मनुरेव्यातल्या घरी जेवताना तुमची पत्रं मीच मोठ्याने वाचते. परवा आपल्या सागरने घास खाली ठेवला. "आई, मनालीबद्दल बाबा काय म्हणतात?" तो तुमच्या शब्दाबाहेर नाही, ठाऊक आहे ना? मी चष्मा पुसला आणि वाचलं, "पोरीला हवं ते शिकू दे." त्याने तिथेच लेकीच्या ग्रीकच्या प्रवेशाच्या फॉर्मवर सही केली. मनालीने मला उचलून गरकन फिरवलं, कंबर अजून ठणकतेय.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझे शब्द तुमच्या तोंडी घातले. भलते शोभले हो तुम्हाला!

तुमचीच, पण यात तुमचं न ऐकणारी,
सुनीती