आपलं नसलेलं उत्पन्न

४ जुलै, गुरुवार

आयकर खात्याचा मेसेज! माझ्या नावावर! जन्मभर शाळेत मुलांना खोटं लिहू नका म्हणून सांगितलं, आणि आता खातं मलाच विचारतंय — सरकारी रोख्यांवरचं व्याज तुमच्या विवरणपत्रात का दिसत नाही?

दिसेल कसं? ते आपलं नाहीच. निवृत्तीचे बारा लाख रोख्यांत आहेत. त्यांचं व्याज सहा महिन्यांनी येतं, वेगळ्या पासबुकात पडतं. सूद आहे तो, आम्हाला हराम. त्यातली एक पै घरात येत नाही. कुणाचं डायलिसिस, कुणाचं बाळंतपण — देऊन टाकतो, सवाबाची, पुण्याची नियतसुद्धा न ठेवता. दर वर्षी बाजारातल्या ज्या माणसाकडून विवरणपत्र भरून घेते तो विचारतो, "बाई, पेन्शनशिवाय काही उत्पन्न?" मी म्हणते, नाही. अगदी मनापासून म्हणते! सरकारला हे कोण समजावणार.

अदीबला फोन केला. पोटचा पोर, बँकेत आहे, दुसऱ्या कुणाला विचारू? "अम्मी, घाबरू नकोस. रविवारी लॅपटॉप घेऊन येतो."

आमच्या यांना, नझीरना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "त्यानेच घातलेत ना पैसे? त्यालाच निस्तरू दे."

५ जुलै

अदीब येणार म्हटलं की नवरोबांच्या तोंडाला कुलूप.

७ जुलै, रविवार

अदीब आला. नझीर आतल्या खोलीत जाऊन बसले. बाप-लेकांमध्ये एक दार, आणि मी त्या दारात. चार वर्षं हेच.

मुलगा बँकेत कर्जाच्या विभागात लागला तेव्हाच हे नाराज होते, पण चालवून घेत होते. मग यांनी कुवेतला क्रेन चालवून साठवलेले पैसे कुठल्याशा 'हलाल' योजनेत बुडाले. अदीब घाबरला. अम्मीचे तरी वाचवू म्हणून आपल्याच शाखेतून मला रोखे घेऊन दिले — सरकारचे आहेत, बुडणार नाहीत. झालं! "आईच्या घामाचे पैसे सुदात घातलेस? आजपासून तुझ्या पगाराचं अन्न माझ्या घशाखाली उतरणार नाही." नुसतं बोलले नाहीत, करून दाखवलं. रोडपालीला पोराच्या घरी जातात ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन! आमची सून, यूम्ना, सरबताचा पेला पुढे करते आणि हे बाटलीचं झाकण उघडतात. त्या पोरीचा चेहरा बघवत नाही.

असो. लॅपटॉपवर कर भरायचं सॉफ्टवेअर. पेन्शनचा आकडा आपोआप येऊन बसला. खाली — कर शून्य. किती बरं वाटलं! मग अदीब म्हणाला, "आता व्याज. तूच टाक, अम्मी."

मी ठेवींच्या रकान्यात टाकायला गेले. "तिथे नको, हे रोखे आहेत. खाली 'इतर' आहे बघ." शहाण्णव हजार सहाशे. वर शब्द होता — उत्पन्न. बोट थांबलंच. माझं? कधीपासून? टाकलं, तर कर शून्यावरून एकदम वीस हजारांवर गेला, तोही आधीच कापलेला कर वजा करून. मागच्या वर्षांचं वेगळं, दंडासकट.

"आणि नाहीच टाकलं तर?"

"त्यांच्याकडे आकडा आहे, अम्मी. आणि तू टाकल्याशिवाय राहशील का?"

नाहीच राहणार. पण आज नुसतं सेव्ह केलं, पाठवलं नाही. जेवायला थांब म्हटलं, तर आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "नको. अब्बांना निवांत जेवू दे." जन्मला त्या घरातून पोर उपाशी गेलं.

८ जुलै

आज मी फुटलेच.

दुपारी ताटावर यांनी काढलं — "कर कशातून भरणार? पेन्शनमधून? सुदाचा कर हलाल पैशातून?"

म्हटलं, "कशातूनही भरीन! आधी हे सांगा. आता सरकारदरबारी लिहिलं जाणार, हुस्नबानोचं उत्पन्न, व्याज. मग माझ्या हातची भाकरी कशी चालते तुम्हाला? आणू तुमची बाटली?"

"तू ते खात नाहीस. वाटून टाकतेस."

"आणि तो? तो काय सूद खातो? दिवसभर राबतो, त्याचा पगार घेतो!"

अर्ध्या ताटावरून उठले. उठोत! मला काही वाईट वाटलं नाही.

वाटलं. ताट झाकून ठेवलं.

९ जुलै

अबोला. चहा मात्र माझ्याच हातचा घेतला.

१२ जुलै, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजनंतर नझीर मौलानांकडे थांबले. घरी येऊन म्हणाले, "सरकारकडून आलेला सूद करात सरकारलाच गेला तर हरकत नाही म्हणाले. त्या पासबुकातूनच भर."

म्हटलं, कराचं मिटलं. पोराचं काय?

टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "तेही विचारलं."

"मग?"

"म्हणाले, बँकेच्या नोकरीवर मतं वेगवेगळी आहेत, ते सांगतो. पण पोराबरोबर जेवायचं की नाही, हे मला काय विचारता, नझीरभाई?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "परवा तू म्हणालीस ना, माझ्या हातची भाकरी कशी चालते. मला उत्तर सुचलं नाही, हुस्ना. अजून सुचत नाहीये." मग खिडकीकडे तोंड करून — "त्यांना रविवारी बोलाव. मटण त्यालाच आणू दे. त्याच्याच पैशाचं."

स्वयंपाकघरात जाऊन रडले. भरपूर रडले.

१४ जुलै, रविवार

आधी विवरणपत्र. कर भरला, ओटीपी टाकला, गेलं. मागच्या वर्षांचंही भरायला घेतलंय, दंडासकट. पासबुक जवळजवळ रिकामं होणार. डायलिसिसवाल्या बाईंना या खेपेला फार थोडं देता येईल, ते मनाला लागलंय.

आणि मग जेवण! अदीबने आणलेलं मटण मी रांधलं. नझीरनी पहिला घास घेतला तेव्हा कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "बँकेचं मटण बरं शिजलंय!" थट्टा! चार वर्षांनी! अदीब हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. यूम्नाच्या हातून सरबतही घेतलं. ती मात्र मान खाली घालून होती. लाजली असेल.

अल्लाहचे शुकर. याहून मला काही नको.

१५ जुलै

यूम्नाचा फोन. चोरून केलेला. अदीबने तीन-चार महिन्यांपूर्वी, रमजानमध्येच बँक सोडली. द्रोणागिरीला एका गोदामात कारकून आहे, अर्ध्या पगारावर. अब्बांसाठीच सोडली, पण त्यांना सांगवेना. काल घरी गेल्यावर तिला म्हणाला, "आता कधीच सांगू नकोस. बँकेतल्या अदीबबरोबर जेवले ते."