पार्ल्याच्या बरोब्बर वर

२० नोव्हेंबर १९९५, सोमवार
मुंबईहून ताईचं पत्र. भाची सुखदाचं लग्न ३ डिसेंबरला, विले पार्ल्यात, मुहूर्त ११.४७. ताईचा सख्खा भाऊ मी एकटाच, त्यामुळे नवरीला बोहल्यावर आणायचं ते मीच. खाली सुखदाने स्वतः लिहिलंय, मामा, तुम्हीच हवे. साहजिक आहे.
संकल्प: या वेळी विमान. चोवीस तास डब्यात बसून दशम्या खाणारी माणसं वेगळी.

२२ नोव्हेंबर
अ‍ॅटलासवर दोरा लावून मोजलं. बंगलोर विमानतळ ते मुंबई विमानतळ ८४० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८००. म्हणजे एक तास तीन मिनिटं. टाइमटेबलात दीड तास लिहिलाय. उरलेला वेळ चहा पाजण्यात घालवत असणार.
बायकोला हिशेब दाखवला. विमला म्हणाली की ती शुक्रवारीच ट्रेनने जाणार, परसूबरोबर. परसू म्हणजे माझा जयनगरचा चुलतभाऊ. गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसतो. याला वेग काय समजावणार! गाढवापुढे वाचली गीता.

२५ नोव्हेंबर
रविवारी विमानं दोन. ६.३० आणि ९.३०. साडेसहाचं घाबरटांसाठी. ९.३० चं काढलं. पोचणार ११ ला. हॉल विमानतळापासून दहा मिनिटं. मुहूर्ताआधी सदतीस मिनिटं शिल्लक. तेवढ्या वेळात करायचं काय, हाच प्रश्न.
ऑफिसातले बेळगावचे कृष्णाजी म्हणाले, स्वल्प आधीचं घ्या की अण्णा, विमानाचं काही खरं नसतं. कृष्णाजी जन्मात विमानात बसलेले नाहीत. मीही नाही. पण मी हिशेब केलाय.

१ डिसेंबर
विमला आणि परसू रवाना. निघताना तिने विचारलं, विमान उशिरा सुटलं तर? म्हटलं, ती काय बैलगाडी आहे?

३ डिसेंबर, सकाळी ९.५०
विमानात. विमान अजून जमिनीवर. वीस मिनिटं गेली. सतरा उरली. भरपूर.

११.२५
मुंबई आली. पायलट म्हणतो की खाली गर्दी आहे, थोडा वेळ घिरट्या घालाव्या लागतील. आकाशात कसली गर्दी? नियोजन नाही, दुसरं काय.

११.४७
मुहूर्त. शेजारच्या गृहस्थांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितलं की ते बघा पार्लं. मी पार्ल्याच्या बरोब्बर वर आहे. अंतर शून्य. म्हणजे हिशेब चुकलेला नाही. फक्त उंची धरायची राहिली.

संध्याकाळी ५
हॉलवर पोचलो साडेबाराला. पंगत बसली होती. नवरीला परसूने आणलं. सोवळं, उपरणं सगळं बरोबर घेऊन आला होता. विमलाने त्याला बंगलोरलाच सांगून ठेवलं होतं, मी अ‍ॅटलास उघडला त्याच दिवशी. ताईने मठ्ठा वाढला.
मग सुखदा पाया पडली. म्हणाली, भटजींनी दोनदा पुकारलं तरी ती गौरीहरापुढून उठली नव्हती. तिने मामीशी पैज लावली होती, की काही झालं तरी मामा येणारच.
माझा हिशेब खरा मानणारी ती एकटीच, आणि मी तिलाच हरवलं. फार लाज वाटली.