तलावाच्या पाळीवरून

भंडारा,
दिवाळीच्या आठ दिवस आधी

प्रिय रुखमाताई,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. हर्षाचा खोकला गेला, पोरगी शाळेत जाते. हातात फोन असताना हा कायले पत्र लिहून राहिला, असं तू म्हणशील. फोनवर तुझं "जेवला का रे?" ऐकलं की माझी वाचा बसते. दोनदा प्रयत्न करून झाला. एकदा थंडीवर बोललो आणि एकदा शेजारच्या मांजरीवर. आता कागदच बरा. कागद मध्येच "जेवला का" विचारत नाही.

माझं अप-डाऊन तुला माहीत आहे. भंडारा ते साकोली, अकरा वर्षं झाली. पण या दोन वर्षांत त्या हायवेने जो छळ मांडला आहे, तो मी तुला कधी नीट सांगितलाच नाही. उड्डाणपुलासाठी सगळं खोदून ठेवलंय. काल डावीकडून असलेला वळणरस्ता आज उजवीकडून असतो. सकाळी घातलेला पांढरा शर्ट ऑफिसात पोचेपर्यंत मुरमाच्या रंगाचा होतो. "असुविधेसाठी खेद आहे" असा एक फलक आहे, त्यावरची बाकी अक्षरं उन्हाने उडाली, खेद तेवढा उरला आहे. आणि हे सगळं भोगून पुढे गेलं की टोलनाका! जो रस्ता अजून झालाच नाही, त्याचा टोल. तोही सरळ कापला जाईल तर शपथ. गाडी मागे घ्या, पुढे घ्या, काच पुसा, पुन्हा मागे घ्या. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो. जवळच्या लोकांसाठी पास मिळतो म्हणून मी तीनदा कागद दिले. तिन्ही वेळा साहेब जेवायला गेले होते. सकाळी नऊला कोण जेवतं गं?

इकडे ऑफिसात पावणेदहाला अंगठा लावायचा. तीनदा उशीर झाला की एक रजा गेली. अशा सगळ्या रजा त्या धुळीत गेल्या, म्हणून तुझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला मी अर्धा दिवस उशिरा पोचलो. तू पानावर झाकून ठेवलेली वडी पुढे केलीस, एवढंच. ते मला अजून लागतं.

त्या वळणरस्त्याच्या तोंडाशीच तुमच्या गावचा धनीराम उभा असायचा. डोक्याला टॉवेल, एका हातात लाल झेंडी, एका हातात हिरवी. दिवसभर धूळ खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या. रस्ता जणू त्यानेच रात्रीतून खोदला, अशा थाटात लोक त्याच्यावर ओरडत. मीसुद्धा ओरडलो आहे. तो मात्र मला पाहिलं की हिरवी झेंडी कपाळाला लावून रामराम घालायचा. रुखमाबाईचा भाऊ म्हणून.

श्रावणातली गोष्ट. महिन्यात दोनदा उशीर झालेला, आणि त्या सकाळी पुढे ट्रकांची रांग, हलायलाच तयार नाही. मी गाडी वळवली आणि तुमच्या गावात घातली. गावातून तलावाची मातीची पाळ, पाळीवरून पलीकडची शेतातली पांदण, आणि पांदण नाक्याच्या पुढे हायवेला लागते, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तुझं लग्न झालं तेव्हा मी पाचवीत होतो. उन्हाळाभर तुझ्याकडे पडून असायचो आणि भाऊजी मला त्याच पाळीवर मासे धरायला शिकवायचे. तुमच्या गावची रीतही त्यांनीच मला सांगितली होती. तलाव भरला की धान कापेपर्यंत पाळीवर चाक चढवायचं नाही. पोळ्याचे बैलसुद्धा हाताने चालवत न्यायचे, बैलबंडी अलीकडच्या मोहाच्या झाडाखाली सोडायची आणि पोती डोक्यावर न्यायची. ओल्या पाळीला माणसाचं पाऊल चालते, चाक चालत नाही, असं भाऊजी म्हणायचे. ताई, मला हे ठाऊक होतं. तरी मी गेलो, आणि नऊ चाळीसला अंगठा लावला. फार बरं वाटलं.

रोज जाऊ लागलो.  आमचा अप-डाऊनवाल्यांचा एक ग्रुप आहे, दीडशे माणसं. रोज सकाळी तिथे रडारड चाललेली असते. साकोलीच्या शाळेतल्या उर्वशी मॅडम त्या दिवशी लहान बाळाला घरी सोडून तासभर अडकल्या होत्या. मला कीव आली, आणि खरं सांगू का, थोडी शायनिंगही मारायची होती. मी पाळीच्या रस्त्याचा नकाशा टाकला आणि वर लिहिलं, "नाक्याला रामराम, वीस मिनिटं वाचवा." पन्नास जणांनी हात जोडले. कोणी मला रस्तेवाला बाबा म्हणालं. आठ दिवसांत पाळीवरून गाड्यांची रांग लागली. त्यांच्यात विटांच्या पिकअपही होत्या. त्यांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण पहिलं सांगणं माझंच.

धनीरामने मला एकदा थांबवलं होतं. काचेशी वाकून म्हणाला, "भाऊ, पाळीवरून नोका जाऊ. पानी काठोकाठ हाय, चाकोऱ्या पडून राहिल्या." मी त्याला काय म्हणालो असेन? "उशीर झाला तर माझा अंगठा तू लावशील काय?" तो हसला आणि बाजूला झाला.

बाकी तुला माहीत आहे. त्या रात्री पाऊस झाला, चाकोऱ्यांत पाणी साचलं, आणि पहाटे पाळ तिथेच फुटली. लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला तलाव रिकामा झाला. खालच्या धानाच्या बांधीत वाळू भरली, वरच्या बांधीला पाणी उरलं नाही. तुझा फोन आला तसा मी धावत आलो. तू पदराने तोंड पुसत लोकांना सांगत होतीस, "माह्या भावाचा जीव रोज त्या रस्त्यावर जाऊन राहिला, अन् आता आमचा धानही त्याच रस्त्यानं नेला." मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू मला चहा दिलास. मी प्यायलो.

मग कोणीतरी विचारलं, गाड्यांना पाळ दाखवली कोणी? सगळ्यांच्या माना धनीरामकडे वळल्या. झेंडी त्याच्या हातात, वळणावर तोच उभा, म्हणजे पैसे घेऊन गाड्या त्यानेच गावात सोडल्या असणार. तुझ्या लेकाने, आपल्या मंगेशने, त्याला सगळ्यांसमोर थापड मारली. मंगेशला दोष देऊ नकोस, त्या पोराने चिखलात उभं राहून एकेक रोप लावलं होतं. पण ताई, थापड बसल्यावर धनीरामने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "मी नाही दाखवली." एवढंच. माझं नाव त्याच्या जिभेवर असेल, आणि मी बुटाचा चिखल गवताला पुसत होतो.

त्या भांडणानंतर त्याचं झेंडीचं काम गेलं. तिथे आता दुसराच माणूस उभा असतो. त्याच्या बायकोला, कुंताबाईला, यंदा धान कापायला कोणी बोलावत नाही, हे तूच मला फोनवर सांगितलंस. "बरं झालं," असंही म्हणालीस. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

मागच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. तुझ्या दारावरून गेलो आणि तुझ्याकडे आलो नाही, हे शेजारच्या शकुनबाईने तुला सांगितलंच असेल. तो अंगणात दोरी वळत बसला होता. मी विचारलं, धनीराम, रोज मला वळताना तू पाहत होतास, मग बोलला काहून नाहीस? त्याने दोरीला गाठ मारली. मग म्हणाला, "रुखमाबाईले मायबाप नाहीत, भाऊ. माहेर म्हणजे तुमीच. तिच्या दारासमोर तुमचं नाव घेतलं असतं, तं दिवाळीले तिनं कोनाची वाट पाहिली असती? मार खाल्ला तं उतरून जाते." कुंताबाईने आतून पाण्याचा लोटा आणून दिला. तो मी तसाच खाली ठेवला. मी तिथे लहान पोरासारखा रडलो. तोच मला म्हणाला, "असू द्या."

मी ग्रुपवरचा नकाशा काढला आणि काय झालं ते तिथे लिहिलं. काहींनी ग्रुप सोडला, काहींनी विचारलं की मग आता दुसरा रस्ता कोणता. मी रोज रांगेत उभा राहतो. उशीर होतो, होऊ दे.

हे सगळं भाऊबीजेच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून लिहिलं. तू ओवाळशील, कुंकू लावशील आणि तेव्हा मी तोंड उघडीन, हे मला जमणार नाही. आणि न सांगता ओवाळून घेणं तर मुळीच नाही. त्या दिवशी सकाळी मी आधी धनीरामच्या घरी जाईन. त्याला घेऊन ग्रामपंचायतीसमोर येईन, आणि मंगेशसमोर, भाऊजींसमोर, सगळ्या गावासमोर सांगेन की पाळ मी दाखवली. लोकांनी जे करायचं ते करावं. दिवाळीनंतर गाव पाळीवर माती टाकायला उतरेल, तेव्हा घमेलं घेऊन मीही असेन, कोणी बोललं नाही तरी. तुझ्या दाराशी मी सगळ्यात शेवटी येईन. पाट मांडलेला असेल तर बसेन. नसेल तर उंबऱ्याबाहेरून पाया पडून परत जाईन, तुझ्यावर रुसणार नाही. फक्त एक मागणं, ताई. मला ओवाळलंस किंवा नाही ओवाळलंस, तरी त्या दिवशी एक पाट धनीरामसाठी मांड. तुझं माहेर या दोन महिन्यांत त्यानेच राखलं.

तुझाच चुकलेला धाकटा,
धनंजय